‘कान सरावतात’ म्हणे! मिरवणुकीआधी फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गणपती जवळ आले की ढोल-ताशा पथकांच्या आणि मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, आशय तोच राहतो. ढोल-डीजेने बहिरेपण येतं ही उगाच पसरवलेली भीती आहे. वर्षातले दहा दिवस वाजवून कुणाचे कान जात नाहीत. वाजवणाऱ्यांचे कान सरावतात. कानात शिट्टी वाजली तरी दोन दिवसांत जाते, म्हणजे कान बरा होतो. दुखत नाही तोवर काळजी नको. म्हातारपणी बहिरेपण तसंही येतंच. फारच वाटलं तर कापसाचे बोळे घाला आणि घरी आल्यावर कोमट तेल सोडा. आणि रोज इअरफोन घालून फिरणाऱ्यांनी उत्सवाला नावं ठेवू नयेत.

हा मेसेज खोडून काढणं गरजेचं आहे, कारण तो वाचणारे बहुतेक जण अठरा ते तीस वयाचे आहेत आणि पथकात उभे राहणार आहेत. ढोल वाजूच नये असं आमचं म्हणणं नाही. वाजवणाऱ्याचे कान शाबूत राहावेत, आणि ते राहू शकतात, एवढंच म्हणणं आहे.

आधी एक हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डेसिबलचे आकडे साध्या बेरजेने वाढत नाहीत. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट. आपल्याला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पटच वाटते. म्हणजे कानावर पडणारा भार आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामगार-आरोग्य संस्थेने ठरवलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं, १०३ ला साडेसात मिनिटं. ही मर्यादाही पूर्ण सुरक्षित नाही. त्याच संस्थेच्या अंदाजानुसार चाळीस वर्षं रोज ८५ डेसिबलमध्ये काम करणाऱ्या शंभरांपैकी आठ जणांचं ऐकणं आवाजामुळे कमी होतं, आणि ९० डेसिबलमध्ये काम करणाऱ्या शंभरांपैकी पंचवीस जणांचं. आपल्याकडच्या कारखान्यांना आठ तासांसाठी ९० डेसिबलच चालतात, हे लक्षात ठेवा. कायद्यात बसतं म्हणजे कानाला सोसतं असं नाही.

‘वर्षातले दहाच दिवस’

दहा दिवसांतला फक्त शेवटचा दिवस घेऊ. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी अनेक वर्षांपासून विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर चौकाचौकांत आवाज मोजतात. काही वर्षी तिथली सरासरीच शंभर डेसिबलच्या वर गेलेली आहे. ही रस्त्यावरची सरासरी आहे. पथकाच्या आत, ताशांच्या रांगेत किंवा डीजेच्या भिंतीपुढे आवाज त्याहून जास्त असणार. तरीही हिशेबाला १०० च धरू. मिरवणुकीत सहा तास घालवले तर ३६० मिनिटं झाली. १०० डेसिबलला दिवसाचा वाटा १५ मिनिटांचा. म्हणजे एका दिवसात चोवीस दिवसांचा वाटा संपला.

जागतिक आरोग्य संघटना फुरसतीच्या वेळी ऐकण्याचा हिशेब आठवड्यावर मांडते: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. त्याच गणिताने ९० ला ४ तास आणि १०० ला २४ मिनिटं येतात. या मापाने ते सहा तास पंधरा आठवड्यांचे झाले.

वाजवणाऱ्यांसाठी तर ‘दहा दिवस’ हा आकडाच खोटा आहे. पथकांचे सराव गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतात. नदीकाठी, मैदानांवर, पत्र्याच्या मांडवाखाली रोज संध्याकाळी दोन-अडीच तास सराव चालतो. अडीच तास म्हणजे १५० मिनिटं, म्हणजे १०० डेसिबलला एका संध्याकाळी दहा दिवसांचा वाटा. पत्र्याखाली आवाज वरून परत खाली येतो, त्यामुळे उघड्या मैदानापेक्षा तिथे भार जास्त. ऐकणं कमी झालेल्या वादकाच्या बाबतीत मिरवणुकीपेक्षा सरावाने जास्त नुकसान केलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. आणि नेमकं सरावाच्या वेळी कानात काही घालावं असं कुणाच्या मनात येत नाही.

मिनिटांचा हा हिशेब सलग आवाजाला लागतो, एका क्षणाच्या दणक्याला लागत नाही. दणका शिखराच्या, म्हणजे त्या क्षणातल्या सर्वोच्च आवाजाच्या मापाने मोजतात. मोठ्यांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० डेसिबलच्या वर शिखर गेलं तर एका झटक्यात इजा होऊ शकते. आपल्याकडच्या फटाक्यांना ४ मीटरवर १४५ डेसिबल शिखरापर्यंत मुभा आहे. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने चढतो, म्हणजे तोच फटाका १ मीटरवर १५७ च्या आसपास जातो. मिरवणुकीत पायाशी सुतळी बॉम्ब लावणाऱ्याला थांबवायला एवढा आकडा पुरेसा आहे.

‘वाजवणाऱ्यांचे कान सरावतात’

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे आहे, कारण ते अनुभवाने खरं वाटतं. पहिल्या दिवशी ताशाच्या रांगेत कानठळ्या बसतात, पंधराव्या दिवशी तेवढं वाटत नाही. मग सराव झाला असं समजलं जातं.

त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. पहिली म्हणजे मनाची सवय. मेंदू ओळखीच्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतो, पण अंतर्कर्णावर पडणारा भार तेवढाच राहतो. दुसरी जास्त गंभीर आहे. मोठ्या आवाजाने ऐकणं तात्पुरतं मंदावतं आणि कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तोच आवाज सुसह्य वाटतो. सराव सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ‘आता त्रास होत नाही’ असं वाटतं, ते कान मंदावल्याचं लक्षण असतं.

कानाला नैसर्गिक संरक्षण असतं हा युक्तिवादही कधीकधी येतो. मधल्या कानात स्टेपिडियस नावाचा, शरीरातला सगळ्यात लहान कंकाल स्नायू आहे. मोठा आवाज आला की तो आकसतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. पण त्याला आकसायला दहाएक ते शंभरच्या पुढे मिलिसेकंद लागतात. ताशाच्या काडीचा टणत्कार तोवर आत पोचलेला असतो. तो मुख्यतः खालच्या पट्टीचा आवाज अडवतो, वरच्या पट्टीचा जवळपास नाही. आणि सलग आवाजात तो थकतो. ढोलाचा घुमार थोडाफार अडतो, ताशाची तर्री थेट आत जाते.

खरं तर वादकांमध्ये ताशावाल्याची काळजी सगळ्यांत आधी घ्यायला हवी. ताशा कमरेशी असतो, त्याचं तोंड वर असतं आणि कान त्याच्यापासून हातभर अंतरावर. शेजारी तसेच आणखी आठ-दहा ताशे. माणसाच्या कर्णनलिकेची रचनाच अशी की ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती स्वतः वाढवून आत देते. त्यामुळे आवाजाने होणारी इजा साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुतेकदा ४००० ला, आधी दिसते. ताशाचा तीक्ष्णपणा नेमका याच वरच्या पट्टीत असतो.

‘शिट्टी दोन दिवसांत जाते, म्हणजे कान बरा होतो’

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कानाला दडे बसलेले असतात, बारीक शिट्टी वाजत असते, घरच्यांचं बोलणं उशीतून आल्यासारखं वाटतं. सोळा ते अठ्ठेचाळीस तासांत हे बहुतेकांचं ओसरतं. श्रवणचाचणी केली तर आलेखही पूर्ववत दिसतो. २००९ पर्यंत शास्त्रज्ञही असंच मानत होते की ऐकण्याची पातळी परत आली म्हणजे कान सावरला.

त्या वर्षी अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. काही दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी परत आली, अंतर्कर्णातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशीही शाबूत दिसल्या. पण त्या पेशींना श्रवणतंतूंशी जोडणारे सांधे वरच्या पट्टीच्या भागात जवळपास निम्म्याने नाहीसे झाले होते, आणि ते परत आले नाहीत. पुढच्या महिन्यांत तंतूही झिजत गेले.

माणूस उंदीर नाही, आणि जिवंत माणसात हे सांधे मोजता येत नाहीत. उंदराला दोन तासांत जे झालं ते माणसाला तेवढ्याच वेळात होईल असं म्हणता येत नाही. पण शिट्टी थांबली म्हणून आत काही उरलं नाही, हा दावा आता टिकत नाही. शांत खोलीतली साधी चाचणी उत्तम येते आणि तरी हॉटेलात, लग्नात, लोकलमध्ये समोरच्याचं बोलणं सुटं कळत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात. त्यामागे असे तुटलेले सांधे असू शकतात.

केशपेशींचा साठाही मर्यादित आहे. एका कानात त्या साधारण पंधरा हजार असतात. पक्ष्यांमध्ये आणि माशांमध्ये मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. त्यामुळे शिट्टी हा कानाने दिलेला इशारा समजा. एखाद्या सरावानंतर ती वाजली, तर त्या दिवशी मर्यादा ओलांडली गेली. पुढच्या सरावाआधी काहीतरी बदलायला हवं: जागा, वेळ किंवा कानातलं संरक्षण.

‘दुखत नाही तोवर काळजी नको’

आवाजाने कान दुखायला साधारण १२० ते १३० डेसिबल लागतात. इजा ८५ च्या आसपास, पुरेसा वेळ दिला की, सुरू होते. मधल्या चाळीस डेसिबलमध्ये वेदना काहीच सांगत नाही. तिच्याऐवजी ही खूण वापरा: हातभर अंतरावर उभ्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला आवाज ८५ च्या आसपास किंवा वर आहे. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत असेल, तर शंभरीच्या घरात आहे.

मोबाइल ॲपवर आकडा कमी दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. पुष्कळ फोनमध्ये मोठ्या आवाजाला आकडा एका ठिकाणी अडतो आणि वर चढतच नाही. नायोशचं स्वतःचं मोफत ॲप आयफोनवर बऱ्यापैकी अचूक चालतं. अँड्रॉइडवर फोनागणिक माइक वेगळा, त्यामुळे तिथला आकडा अंदाजापुरताच. डीजेच्या खर्जासाठी आणखी एक अडचण आहे: मीटरच्या नेहमीच्या ‘ए’ मापात खर्जाचं वजन फार कमी धरलं जातं. छाती हादरत असताना मीटर ९५ दाखवतो तो यामुळे. ॲपमध्ये खर्जही धरणारं ‘सी’ माप असेल तर तेही पाहा. दोन्हींत दहा-पंधराचा फरक आला तर आवाजात खर्ज भरपूर आहे आणि एकट्या ‘ए’ आकड्यावर विसंबू नये.

‘कापसाचे बोळे घाला’

इथे थोडं थांबू, कारण उपाय इथेच आहे.

कोरडा कापूस हवा अडवत नाही. त्याच्या तंतूंमधून आवाज आरपार जातो. वरच्या पट्टीत थोडा फरक पडतो, खालच्या पट्टीत जवळपास शून्य. तो घालून माणसाला सुरक्षित वाटतं आणि तो भिंतीपुढे तास-दोन तास जास्त उभा राहतो, तोटा तिथे होतो. टिश्यू पेपरचं तेच. वर पावसाळ्याचे दिवस, घाम आणि दमट हवा. ओला बोळा कानात राहिला तर बुरशी धरते. बोळ्याचा तुकडा तुटून आत राहिला की तो डॉक्टरकडूनच काढावा लागतो.

फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात किंवा औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्यांकडे अगदी थोडक्या पैशांत मिळतात. पाकिटावर एनआरआर म्हणून, प्लग किती डेसिबल अडवतो ते सांगणारा एक आकडा असतो, समजा ३२. तो प्रयोगशाळेतला, तज्ज्ञाने नीट बसवलेल्या प्लगचा आकडा आहे. प्रत्यक्षातला अंदाज काढायला त्यातून ७ वजा करून उरलेलं निम्मं करतात: ३२ उणे ७ म्हणजे २५, त्याचे निम्मे साडेबारा. ताशाच्या रांगेत १०३ डेसिबल असले तर कानावर साडेनव्वद पडतील, आणि साडेसात मिनिटांची मुभा सव्वादोन तासांवर जाईल. प्लग नीट बसला तर यापेक्षा बरंच जास्त मिळतं. नीट बसला नाही तर जवळपास काहीच नाही.

बसवायची पद्धत अशी. हात धुवा, आणि गुलाल उधळायच्या आधी प्लग घाला. गुलालाच्या बोटांनी फोम वळला तर रंग आणि कण थेट कर्णनलिकेत जातात. प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून हळूहळू वळत पातळ, सरळ, सुरकुती नसलेली वात करा. सुरकुती राहिली तर तिथून आवाज गळतो. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. कर्णनलिका वाकडी असते, ती यामुळे सरळ होते. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग प्लग अर्धाच आत जातो. वात लगेच आत सरकवा आणि बोटाने वीस ते तीस सेकंद दाबून धरा, फोम फुगू द्या. लगेच सोडला तर फुगता फुगता तो बाहेर येतो.

तपासणी: समोरून आरशात पाहिलं तर प्लगचं टोक ठळक बाहेर दिसता कामा नये. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, जड यायला हवा. मग दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबा आणि काढा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बसलाय. बराच फरक पडला तर काढून पुन्हा वळा. काढताना झटका देऊ नका, पिळत सावकाश काढा. एकदम ओढल्याने आत पोकळी होऊन पडदा दुखतो. फोम मळला किंवा वळल्यावर पुन्हा फुगेनासा झाला की टाकून द्या.

वादकांची रास्त तक्रार अशी की फोमने ताशा बोदा ऐकू येतो आणि पथकप्रमुखाची शिट्टी चुकते. फोम वरची पट्टी खालच्या पट्टीपेक्षा जास्त कापतो, म्हणून तसं होतं. त्यासाठी वादकांचे फिल्टर असलेले सिलिकॉनचे प्लग मिळतात. ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच, दहा ते वीस डेसिबलने, खाली आणतात. ठेका स्पष्ट राहतो, फक्त लहान होतो. फोमपेक्षा ते महाग असतात, पण धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतात. ढोलाच्या कातड्यावर आणि दोऱ्यांवर पथकं दरवर्षी खर्च करतात. त्याच यादीत ताशावाल्यांचे प्लग यावेत असं आमचं ठाम मत आहे. आणि इशारे शिट्टीऐवजी हाताने किंवा ध्वजाने देण्याची सवय सरावातच लावून घ्यावी.

प्लग मध्ये मध्ये काढण्याचं गणित फार वाईट आहे. ३० डेसिबल अडवणारा उत्तम प्लग तासातली फक्त पाच मिनिटं काढून ठेवला, तर त्या तासाचं एकूण संरक्षण ११ डेसिबलच्याही खाली येतं. अर्धा तास काढला तर जेमतेम ३ उरतात. कारण उघड्या कानाच्या त्या थोड्या मिनिटांतली ऊर्जा बाकी सगळ्याला झाकून टाकते. बोलायचं असेल तर आधी बाजूच्या गल्लीत जा, मग काढा. प्लग घालूनही एकमेकांशी बोलता येतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गोंगाटात बोलणं आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी होतात.

कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा नुकतीच कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आत काहीही घालू नका. बाहेरून झाकणारे इअरमफ वापरा. लहान मुलांच्या अरुंद नलिकेत फोम बसत नाही आणि तो गिळण्याचाही धोका असतो, त्यांनाही मफच. चष्म्याच्या काडीमुळे मफच्या गादीला फट पडते, तेवढं पाहा. तान्ह्या बाळाला डीजेजवळ नेण्यासाठी कोणतंच साधन पुरेसं समजू नये.

अंतराचा उपाय फुकट आहे. उघड्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. ३ मीटरवरून १२ मीटरवर गेलात तर १२ डेसिबल, म्हणजे वेळेची मुभा सोळापट. पेठांमधल्या अरुंद रस्त्यांत दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परततो, तिथे एवढी घट मिळत नाही. म्हणून त्याच रस्त्यावर मागे सरकण्यापेक्षा आडव्या गल्लीत वळणं जास्त उपयोगी पडतं.

‘घरी आल्यावर कोमट तेल’

तेल कर्णनलिकेत जातं आणि पडद्याशी थांबतं. इजा पडद्याच्या पलीकडे, हाडात बंद असलेल्या अंतर्कर्णात झालेली असते. तिथे तेल पोचत नाही, लसूण घालून उकळलेलंही नाही. पडद्याला भोक असेल तर ते मधल्या कानात जाऊन जंतुसंसर्ग होतो. शिट्टीवर स्वतःच्या मनाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेण्यानेही मेलेली केशपेशी परत येत नाही.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजू सांगायला हवी. अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लाटिन केशपेशींना मारू शकतात. मोठा आवाज आणि ही औषधं एकत्र आली तर नुकसान वाढतं. असे उपचार चालू असणाऱ्याने किंवा नुकतेच संपलेल्याने त्या वर्षी रांगेत उभं राहू नये, आणि डॉक्टरांना आपण वादक आहोत हे सांगावं.

‘इअरफोनवाल्यांनी बोलू नये’

या वाक्यात अर्धं तथ्य आहे. इअरफोनने कान जातात, नक्की जातात. पण त्यामुळे मिरवणुकीचा आवाज निरुपद्रवी ठरत नाही. दोन्हींचे डेसिबल आणि मिनिटं एकाच खात्यात जमा होतात. संध्याकाळी अडीच तास सराव आणि घरी जाताना लोकलमध्ये किंवा बसमध्ये तासभर मोठ्याने गाणी, अशी जोडी सगळ्यात वाईट. सरावानंतर कान मंदावलेले असतात, त्यामुळे नेहमीचा आवाज कमी वाटतो आणि बोट वरच्या बटणावर जातं. सरावाच्या आणि मिरवणुकीच्या रात्री इअरफोन बाजूला ठेवा. त्या रात्री कानाला शांतता हवी असते.

एरवीच्या दिवसांत, आवाज शांत खोलीत ठरवा आणि गाडीत बसल्यावर वाढवू नका. चालत्या लोकलच्या डब्यात खडखडाट ८० डेसिबलच्या आसपास असतो आणि त्याच्यावर गाणं ऐकायचं म्हणून माणूस सहज ९० ला पोचतो. ९० ला आठवड्याचा वाटा ४ तास. रोज जाऊन-येऊन दोन तास प्रवास करणाऱ्याचा तो मंगळवारी संपतो. सगळ्यात वाईट ते सैल, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे बड. ते बाहेरचं काही अडवत नाहीत. डबीत रबराच्या तीन मापांच्या टोप्या येतात, त्या तिन्ही लावून पाहा. गाणं बंद असताना पंख्याचा आवाज स्पष्ट दबला तर माप बरोबर. नॉइज कॅन्सलिंग इंजिनाचा, एसीचा सलग खालचा घुमार छान कमी करतं, त्यामुळे आवाज कमी ठेवून ऐकता येतं, आणि त्याचा खरा उपयोग तेवढाच. ताशाच्या किंवा फटाक्याच्या दणक्यापुढे ते संरक्षण नाही. ते चालू ठेवून आवाज तेवढाच वर ठेवला तर फायदा शून्य. हाडातून ऐकवणारे हेडफोन पडदा टाळतात, पण आवाज शेवटी त्याच केशपेशींवर जातो.

इअरफोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये असा जो नियम सांगतात, तो चालचलाऊ आहे. एका इअरफोनवर साठ टक्के म्हणजे ७५ डेसिबल, दुसऱ्यावर ८८ असू शकतात. फोनमध्येच मर्यादा घाला. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या साउंड्सच्या पानावर हेडफोन सेफ्टी आहे, तिथे मोठा आवाज कमी करण्याचा पर्याय चालू करून पट्टी ८० वर आणा. सॅमसंगमध्ये साउंड्स अँड व्हायब्रेशनमधल्या व्हॉल्यूमच्या पानावर, वरच्या तीन ठिपक्यांत, मीडिया व्हॉल्यूम लिमिट मिळेल. मुलांच्या फोनवर त्याला पिन लावा. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे.

‘म्हातारपणी बहिरेपण येतंच’

वयाने येणारी घट आणि आवाजाने झालेली घट एकमेकींवर चढतात. पंचविशीत ४००० हर्ट्झला वीस डेसिबल गमावलेल्या माणसाला तेव्हा काहीच जाणवत नाही. पन्नाशीत वयाची घट त्यावर येते आणि स, श, फ, थ हे वरच्या पट्टीतले व्यंजनध्वनी गळायला लागतात. साठ आणि आठ सारखे ऐकू येतात. बोलतात ते ऐकू येतं पण काय बोलतात ते कळत नाही, ही तक्रार सुरू होते. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी हरवतात. इतरांना जे सत्तरीत होतं, ते याला पन्नाशीत होतं.

म्हणून पथकात पहिल्या वर्षी शिरतानाच एक श्रवणचाचणी करून कागद जपून ठेवा आणि दरवर्षी हंगाम संपल्यावर पुन्हा करा. चाचणीआधी किमान १४ तास मोठा आवाज टाळा, नाहीतर तात्पुरती मंदी आलेखात उतरते. सांगताना ३००० आणि ६००० हर्ट्झही तपासायला सांगा. घाईच्या चाचणीत ते गाळले जातात आणि आवाजाची खूण नेमकी तिथेच असते. आलेख ४००० ला खाली जाऊन ८००० ला पुन्हा वर येत असेल तर ती आवाजाने झालेली इजा असण्याची दाट शक्यता. कान-नाक-घसा विभाग असलेल्या सरकारी रुग्णालयांत ही चाचणी होते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही होते.

मिरवणुकीनंतर दडे किंवा शिट्टी ४८ तासांनीही तशीच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एका कानाचं ऐकणं एकदम गेलं, चक्कर येते आहे किंवा कानातून रक्त वा पाणी येतंय, तर ४८ तासही थांबू नका, त्याच दिवशी जा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर स्टेरॉइडचे उपचार करतात. ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाची शक्यता जास्त असते, दोन आठवड्यांनंतर फारच कमी. तिथे गेल्यावर किती तास, कोणत्या वाद्याशेजारी, कानात काय घालून उभे होतात, ते नीट सांगा.